होड्या मोजत जा: एपीडी जहाजाची सागरी सेवा जुन्या कागदांवरून कशी उभी करावी

पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चार धुरांड्यांच्या विनाशिका अमेरिकी नौदलाकडे ढिगाने पडून होत्या. त्यातल्या काहींचे पुढचे दोन बॉयलर आणि त्यांची दोन धुरांडी काढली, पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) नळ्या उतरवल्या, रिकाम्या झालेल्या बॉयलरखोलीत सैनिकांचे बंक लावले आणि दोन्ही बाजूंना मिळून चार होड्या टांगल्या. या प्रकाराचे नाव हाय-स्पीड ट्रान्सपोर्ट, खुणेची अक्षरे एपीडी. पहिली मॅनली. तिचे रूपांतर १९३८-३९ मध्ये झाले आणि २ ऑगस्ट १९४० रोजी तिला एपीडी-१ हा क्रमांक मिळाला. पुढे अशा ३२ जुन्या विनाशिका आणि नव्वदहून अधिक नव्या एस्कॉर्ट विनाशिका (ताफ्यांच्या राखणीसाठीच्या लहान विनाशिका) याच कामाला जुंपल्या गेल्या.

एखाद्या एपीडीवर मराठी विकिपीडियात नोंद लिहायची असो, मॉडेलसाठी नेमकी तारीख हवी असो किंवा नुसतीच उत्सुकता असो, बहुतेक जण अमेरिकी नौदलाच्या जहाजकोशातला परिच्छेद उचलून मोकळे होतात. कोश चांगला आहे, सुरुवात तिथूनच करावी. पण त्याचे छापील खंड १९५९ ते १९८१ या काळात निघाले आणि आज ऑनलाइन दिसणाऱ्या बऱ्याच नोंदी त्याच जुन्या सारांशावर उभ्या आहेत. तीन महिन्यांची धावपळ त्यात एका वाक्यात आटोपते. ते वाक्य उलगडायचे तर मूळ कागदांत उतरावे लागते, आणि उतरताना हातात एक धागा असावा लागतो.

एपीडीच्या बाबतीत तो धागा म्हणजे होड्या. तिच्या तोफा लहान, चिलखत नाही, वेग घटलेला. तिचे खरे हत्यार त्या चार होड्या. किती उतरल्या, किती वाजता, कुठे आणि परत किती आल्या, एवढे चार रकाने भरत गेलात की जहाजाचा दिवस आपोआप उभा राहतो.

आधी जहाज नक्की करा

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. बुडालेल्या जहाजाचे नाव नव्या जहाजाला देण्याची अमेरिकी नौदलाची पद्धत आहे. १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटापाशी बुडालेल्या कोलहून, ग्रेगरी आणि लिटल या तीन एपीडींची नावे लगेच तीन नव्या विनाशिकांना लागली, तीही ओळीने (डीडी म्हणजे विनाशिका): डीडी-८०१, डीडी-८०२ आणि डीडी-८०३. त्यातल्या दोन, म्हणजे नव्या कोलहून आणि लिटल, १९४५ च्या एप्रिल-मेमध्ये ओकिनावापाशी कामिकाझे, म्हणजे आत्मघाती जपानी विमानांच्या, हल्ल्यांत बुडाल्या. नुसत्या नावाने शोधलेत तर दोन कोलहून आणि दोन लिटल एकमेकींत मिसळतात आणि १९४२ ची होडी १९४५ च्या आगीत जळताना दिसते.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नाव नव्हे, क्रमांकांची साखळी लिहा. उदाहरणार्थ वॉर्ड: डीडी-१३९, मग १९४३ पासून एपीडी-१६. मॅनली: डीडी-७४, मधे थोडा काळ एजी-२८ (किरकोळ मदतनीस जहाज), मग एपीडी-१. एस्कॉर्ट विनाशिकांवरून बनलेल्यांची साखळी डीईने सुरू होते: चार्ल्स लॉरेन्स डीई-५३, नंतर एपीडी-३७, क्रॉस्ली डीई-२२६, नंतर एपीडी-८७. १ जानेवारी १९६९ रोजी उरलेल्या एपीडींना एलपीआर ही अक्षरे मिळाली, म्हणजे व्हिएतनाम काळातले जहाज शोधताना तिसरे नावही लागते. प्रत्येक क्रमांकासमोर तो लागू झाल्याची तारीख लिहा, कारण कागद त्या त्या दिवशीच्या क्रमांकाखाली लावलेले असतात.

छायाचित्रावरून ओळखायचे असेल तर आधी धुरांडी मोजा. चाराची दोन झालेली असतील आणि मागची दोन उरली असतील तर अर्धे काम झाले. अर्धेच, कारण समुद्री विमानांच्या सेवेसाठी बदललेल्या जुन्या विनाशिकांचीही दोनच धुरांडी उरत. त्यातल्या काही, बेल्कनॅप, क्लेमसन, गोल्ड्सबरो, ग्रीन वगैरे, पुढे एपीडी झाल्याच; तेव्हा त्याच जहाजाचे आधीचे छायाचित्र फसवू शकते. निर्णय होड्यांवर द्या: जिथे पूर्वी पाणतीरांच्या नळ्या होत्या तिथे प्रत्येक बाजूला दोन, अशा चार होड्या आणि त्या उतरवायचे डेव्हिट दिसले की ती एपीडी. एस्कॉर्ट विनाशिकेवरून बनलेल्या जहाजात मधोमध मोठे डेव्हिट, त्यात एकावर एक रचलेल्या होड्या आणि नाळेकडे एकच ५ इंची तोफ असते. चार्ल्स लॉरेन्स वर्गाचा ब्रिज उंच, क्रॉस्ली वर्गाचा बुटका. एवढ्या खुणा पुरतात.

कोणता कागद कशासाठी

चार प्रकारचे कागद लागतात आणि चारही वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या हेतूने लिहिलेले आहेत.

डेक लॉग पहारेकरी अधिकारी लिहितो. दिवसाचे सात पहारे: मध्यरात्र ते ४, ४ ते ८, ८ ते १२, १२ ते १६, मग दोन-दोन तासांचे दोन छोटे पहारे १६ ते १८ आणि १८ ते २०, आणि शेवटी २० ते २४. प्रत्येकाखाली सही. यात मत नसते. नांगर कधी टाकला, कोणती दिशा धरली, कोण चढले, कोण उतरले, एवढेच असते. दुसऱ्या महायुद्धातले डेक लॉग मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेख गट २४ मध्ये आहेत.

वॉर डायरी कप्तानाच्या नावाने महिन्याला एक जाते. ती अभिलेख गट ३८ मध्ये असून तिची पाने अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत फुकट वाचता येतात. घरबसल्या काम करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. शोधताना जहाजाचे नाव रोमन लिपीत, त्यापुढे वॉर डायरी हे शब्द असे टाका. शीर्षकातली तारीख अमेरिकी पद्धतीची असते, म्हणजे आधी महिना, मग दिवस. १२/७/४४ म्हणजे ७ डिसेंबर १९४४. आपल्या सवयीने १२ जुलै वाचलेत तर पाच महिने चुकीच्या समुद्रात भटकाल. तारीख १२ च्या पुढची असली की चूक लगेच कळते, आधीची असली की कळत नाही, म्हणून वहीत उतरवताना महिना नेहमी अक्षरात लिहा.

तिसरा कागद म्हणजे ॲक्शन रिपोर्ट, लढाई झाल्यावर लिहिलेला. यात मत असते, कारणमीमांसा असते आणि क्वचित थोडी सारवासारवही. चौथा म्हणजे मस्टर रोल, खलाशांची तिमाही यादी: ३१ मार्च, ३० जून, ३० सप्टेंबर, ३१ डिसेंबर. मधल्या काळातले बदल वेगळ्या पत्रकात असतात, ते वगळू नका.

जहाजाची स्वतःची वॉर डायरी सापडली नाही तर एक पायरी वर जा. एपीडी सहसा एकट्या फिरत नसत. त्यांच्या ट्रान्सपोर्ट डिव्हिजनची कागदपत्रे वेगळी असतात. ग्वाडलकॅनालच्या काळातील एपीडी ट्रान्सपोर्ट डिव्हिजन १२ मध्ये होत्या. त्याहून वर टास्क युनिट, टास्क ग्रुप, टास्क फोर्स. क्रमांक दशांश अपूर्णांकासारखे दिसतात, पण ती पत्त्याची उतरंड आहे: ३१.१.२ म्हणजे फोर्स ३१, त्यातला गट १, त्यातले युनिट २. आधी सीटीएफ, सीटीजी, सीटीयू असे काही असेल तर तो त्या त्या पातळीचा सेनानी. एसओपीए ही चार अक्षरे सलग वाचली तर मराठीत ‘सोपा’ होते. अर्थ मात्र त्या बंदरात हजर असलेला सर्वांत ज्येष्ठ नौदल अधिकारी असा आहे. तो कोण होता हे शोधणे अजिबात सोपे नसते, कारण जहाजे आली-गेली की तो बदलतो.

वेळ: इथे सर्वांत जास्त घोळ होतो

जहाजाच्या घड्याळाला क्षेत्र असते आणि ते एका अक्षराने दाखवतात. युद्धकाळातली अक्षरमाला आजच्यापेक्षा वेगळी: एबल, बेकर, चार्ली, डॉग, ईझी, फॉक्स, जॉर्ज, हाऊ, आयटम, मग जिग वगळून किंग, लव्ह, माइक. एबल म्हणजे वजा १, आयटम वजा ९, किंग वजा १०, लव्ह वजा ११, माइक वजा १२. चिन्ह उलटे वाटते, पण ते घड्याळाला करायच्या क्रियेचे आहे: वजा ११ म्हणजे जहाजाच्या वेळेतून ११ तास वजा करा, ग्रीनिच वेळ मिळेल. अमेरिकेच्या बाजूची क्षेत्रे अधिक असतात, तिथे मिळवायचे.

एक खरे उदाहरण सोडवून पाहा. ग्रेगरी आणि लिटल ५ सप्टेंबर १९४२ रोजी पहाटे एकच्या सुमारास ग्वाडलकॅनालच्या लुंगा पॉइंटसमोर गाठल्या गेल्या. जहाजाचे क्षेत्र वजा ११ धरले तर ग्रीनिच वेळ ४ सप्टेंबर १४:००. आजच्या भारतीय प्रमाणवेळेत ४ सप्टेंबर सायंकाळी ७:३०. जपानी जहाजे टोकियोची वेळ पाळत, म्हणजे वजा ९, म्हणून त्यांच्या कागदात हीच घटना ४ सप्टेंबर रात्री २३:०० ला येते. एक पुस्तक ४ म्हणते आणि दुसरे ५, तेव्हा दोघांपैकी कुणी चुकलेले असेलच असे नाही. दोन वेगळी घड्याळे आहेत.

हवाईची गंमत वेगळी. डिसेंबर १९४१ मध्ये तिथली वेळ अधिक १० तास ३० मिनिटे होती. वॉर्डने पर्ल हार्बरच्या तोंडाशी छोट्या जपानी पाणबुडीवर तोफ डागली ती ७ डिसेंबरच्या सकाळी ६:४५ ला. साडेदहा तास मिळवले की ग्रीनिच वेळ १७:१५, आणि टोकियोत तेव्हा ८ डिसेंबरच्या पहाटेचे २:१५ झाले होते. फेब्रुवारी १९४२ पासून हवाईची घड्याळे तासाने पुढे गेली, म्हणजे अधिक ९:३०, आणि कागदांवर त्या अर्ध्या क्षेत्रासाठी व्हिक्टर-विल्यम अशी दोन अक्षरे जोडून येऊ लागली. आपण साडेपाचाच्या देशातले, अर्ध्या तासाचे आपल्याला नवल वाटायला नको; पण पूर्ण तासांचे तयार तक्ते वापरणाऱ्यांची इथे हमखास तीस मिनिटे हरवतात.

वहीत वेळेचे दोन रकाने ठेवा: कागदावर आहे तशी वेळ अक्षरासकट, आणि शेजारी ग्रीनिच. पहिला रकाना कधीही ‘दुरुस्त’ करू नका. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाच्या लॉगमध्ये एकच तारीख दोनदा येते, पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या लॉगमधून एक तारीख गायब होते. पान फाटले आहे असे समजून शोधत बसू नका.

जागा आणि वेग

लॉगमध्ये सकाळी ८, दुपारी १२ आणि रात्री ८ ची जागा दिलेली असते, अंश आणि कला यांत. ९-२४ दक्षिण म्हणजे ९ अंश २४ कला. संगणकाच्या नकाशात हे ९.२४ असे टाकले तर चूक. २४ ला ६० ने भागा, ०.४ येतात, म्हणून ९.४० टाकायचे. फरक ९.६ कलांचा; अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा चूक साधारण १८ किलोमीटरची. लुंगा पॉइंट याच अक्षांशाजवळ आहे. एवढ्या चुकीने किनाऱ्यालगतचे जहाज उचलून थेट खाडीच्या मध्यावर जाते आणि मग रात्रीच्या चकमकीचा अर्थच लागत नाही.

जागा मांडल्यावर वेगाची परीक्षा घ्या. जुनी विनाशिका नवी असताना ३५ नॉट (ताशी ३५ सागरी मैल) धावायची. एपीडी होताना निम्मे बॉयलर गेले, पण निम्मी ताकद म्हणजे निम्मा वेग नव्हे. लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. निम्म्या ताकदीत वेग सुमारे ०.७९ पट राहतो, म्हणजे २८ च्या आत-बाहेर. वर होड्या, माणसे, सामान आणि म्हातारे यंत्र धरले की प्रत्यक्षात २५ च्या आसपास. एस्कॉर्ट विनाशिकेवरून बनलेल्या एपीडीला १२,००० अश्वशक्ती आणि सुमारे २३ नॉट. तुमच्या मांडणीत दोन जागांमधला वेग ३० नॉट निघाला तर जहाजाने पराक्रम केलेला नाही. तुम्ही वेळेचे क्षेत्र किंवा तारीख चुकवली आहे.

उलट बाजूने, वेग कमी निघाला म्हणून घाबरू नका. पाणबुड्यांच्या भीतीने जहाजे नागमोडी चालत. लॉगमध्ये मूळ दिशा आणि यंत्राचा वेग लिहिलेला असतो, पण सरळ रेषेत कापलेले अंतर त्याहून कमी भरते. एस्पिरितू सांतो ते ग्वाडलकॅनाल हे अंतर साडेपाचशे सागरी मैलांच्या आसपास. १५ नॉटने सरळ गेल्यास ३७ तास. नोंदीत त्याहून जास्त लागलेले दिसले तर आधी नागमोडीचा आराखडा क्रमांक लिहिला आहे का ते पाहा.

नांगराच्या नोंदीत खोली आणि साखळी फॅदममध्ये असते. फॅदम म्हणजे आपली वाव, ६ फूट. साखळीचा एक तुकडा १५ वावांचा, त्यामुळे ७५ फॅदम साखळी म्हणजे पाच तुकडे सोडले.

उतरणीचा दिवस कसा वाचावा

आता मुख्य काम. उतरणीच्या दिवशीचा डेक लॉग निराश करतो. पान उघडले की दिसते: अमुक वाजता जहाज थांबवले, अमुक वाजता सर्व होड्या उतरवल्या, मग दोन-तीन तास ‘पूर्वीप्रमाणेच’, आणि मग होड्या वर घेतल्या. किनाऱ्यावर काय घडले याचा उल्लेख नाही, कारण पहारेकरी अधिकाऱ्याला ते दिसतच नव्हते.

पण होड्यांच्या आकड्यांतून बरेच काही निघते. होडी सुमारे ३६ फुटांची, तिच्यात ३६ सैनिक. चार होड्या म्हणजे एका फेरीत १४४. जहाजावर किती माणसे होती ते चढण्याच्या नोंदीतून घ्या आणि १४४ ने ताडून पाहा. मॅककीनने १९४३ च्या नोव्हेंबरात बोगनव्हिलकडे १८५ मरीन नेले; इतक्यांना उतरवायचे तर ४१ जण दुसऱ्या फेरीला उरतात, किंवा होड्या जास्त भरतात. एपीडीची क्षमता वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी का दिसते, याचे उत्तरही इथेच आहे. बंक किती होते हा एक आकडा, एका फेरीत किती उतरतील हा दुसरा, आणि एका रात्रीच्या प्रवासासाठी डेकवर किती कोंबले हा तिसरा. कोणता आकडा वापरता आहात ते लिहा.

दोन फेऱ्या असतील तर वेळ मोजा. जहाज किनाऱ्यापासून ४,००० यार्डांवर, म्हणजे जवळपास दोन सागरी मैलांवर थांबले असेल आणि होडी ८ नॉटने जात असेल, तर एका बाजूचा प्रवास १५ मिनिटे. जाणे, येणे, पुन्हा जाणे यालाच पाऊण तास. वर चढ-उतार आणि रांग लावण्याचा वेळ. लॉगमध्ये होड्या उतरवल्यापासून वर घेईपर्यंतचा काळ यापेक्षा कमी असेल तर दुसरी फेरी झालीच नाही, कोशात काहीही लिहिलेले असो.

होडीचा प्रकारही नोंदवा. सुरुवातीच्या एलसीपीएल होड्यांना पुढे पडणारे दार नव्हते. सैनिक कठड्यावरून पाण्यात उड्या टाकत. ७ ऑगस्ट १९४२ रोजी ग्वाडलकॅनालजवळच्या तुलागी बेटावर कोलहून, ग्रेगरी, लिटल आणि मॅककीन यांनी मरीन कोअरच्या छापामार पहिल्या रेडर बटालियनला उतरवले तेव्हा सकाळी ८ ची वेळ ठरलेली होती, पण होड्या किनाऱ्याआधीच प्रवाळावर अडकल्या आणि माणसे पाण्यातून चालत गेली. अशा वेळी ‘होडी टेकली’ ही वेळ आणि ‘सैनिक किनाऱ्यावर’ ही वेळ वेगळी असते. एलसीपीआरला पुढे अरुंद दार आले, एलसीव्हीपीला पूर्ण रुंदीचे, म्हणजे जीपही उतरवता येते. एस्कॉर्ट विनाशिकांवरून बनलेल्या एपीडींवर या एलसीव्हीपी असत.

होड्यांच्या संख्येने मोहिमेची आखणी कशी वाकते ते ग्वाडलकॅनालवरच्या तासिंबोकोच्या छाप्यात दिसते. ३० ऑगस्ट १९४२ रोजी विमानांनी कोलहून बुडवली, ५ सप्टेंबरला ग्रेगरी आणि लिटल गेल्या. ८ सप्टेंबरला छापा घालायचा तर हाताशी उरल्या मॅनली आणि मॅककीन, जोडीला टूना मासे पकडणाऱ्या बोटींवरून बनवलेल्या दोन गस्ती नौका. सगळे एका खेपेत मावत नव्हते. रेडर आधी उतरवले आणि पॅराशूट बटालियनला आणायला जहाजे परत गेली. फक्त ‘८ सप्टेंबरला उतरण झाली’ असे लिहिलेत तर हा मधला धोकादायक काळ, जेव्हा निम्मेच सैन्य किनाऱ्यावर होते, पुसून जातो.

पाण्याखालचे अडथळे उडवणाऱ्या यूडीटी पथकांसाठीही एपीडी वापरल्या. सायपनच्या उतरणीच्या आदल्या दिवशी, १४ जून १९४४ रोजी, पथक ५ गिल्मरवरून गेले. त्या दिवशी जहाजाचा कागद आणि पथकाचा अहवाल दोन्ही घ्या: जहाज होडीची वेळ सांगेल, पथक पाण्याची खोली.

एवढे सगळे भरायला वहीत हे रकाने पुरतात: तारीख, जहाजाची वेळ, ग्रीनिच वेळ, जागा, सोबतची जहाजे, जहाजावरचे सैनिक आणि त्यांची तुकडी, उतरलेल्या होड्या, परतलेल्या होड्या, कागदाचे नाव व पान. शेवटचा रकाना आळसाने रिकामा ठेवला जातो, आणि सहा महिन्यांनी तोच लागतो. उतरलेल्या आणि परतलेल्या होड्यांची संख्या जुळली नाही तर पुढच्या दोन दिवसांची पाने आधी वाचा. बऱ्याचदा होडी दुसऱ्या जहाजाने उचललेली असते, म्हणून ‘गमावली’ असे घाईने लिहू नये.

जहाज बुडाले असेल तर

डेक लॉग दर महिन्याला वॉशिंग्टनला जाई. जहाज बुडाले की चालू महिन्याचा लॉग त्याच्याबरोबरच तळाला गेलेला असतो. म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या दिवसाचे पानच हाती नसते. अशा वेळी वाचलेल्या सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल आणि शेजारच्या जहाजांचे लॉग यांवर काम करावे लागते.

ग्रेगरी आणि लिटलच्या शेवटच्या रात्रीचा क्रम असाच जुळवलेला आहे. दिवसा त्यांनी रेडरांना सावो बेटावर नेऊन आणले. रात्री धुरकट हवेत तुलागी बंदरात शिरणे धोक्याचे म्हणून लुंगा पॉइंटसमोर १० नॉटने फेऱ्या मारत राहिल्या. दूरवर तोफांचे चमकणे दिसले ते पाणबुडीचे असावे असे वाटले. प्रत्यक्षात त्या युदाची, हात्सुयुकी आणि मुराकुमो या तीन जपानी विनाशिका होत्या. अमेरिकेच्याच कॅटालिना विमानाने शोध घेण्यासाठी प्रकाशगोळे टाकले आणि उजेड पडला तो या दोन एपीडींवर. डिव्हिजनचे प्रमुख ह्यू हॅडली लिटलवर होते. ते या हल्ल्यात मारले गेले. इथे विमानाचा कागद, जपानी कागद आणि वाचलेल्यांचा अहवाल तिन्ही ग्रीनिच वेळेवर आणल्याशिवाय कुणी कुणाला आधी पाहिले ते कळत नाही.

वॉर्डचा शेवट शेजारच्या जहाजाच्या कागदांशी कसा ताडायचा याचे चांगले उदाहरण आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी, पर्ल हार्बरच्या त्या तोफेनंतर बरोबर तीन वर्षांनी, फिलिपिन्समधल्या ओर्मोक उपसागरात कामिकाझे विमान तिच्यावर आदळले. आग आटोक्यात येईना, तेव्हा ओब्रायन या विनाशिकेने तोफा डागून तिला बुडवले. ओब्रायनचे कप्तान विल्यम आउटरब्रिज. १९४१ मध्ये वॉर्डचे कप्तान तेच होते. वॉर्डचा शेवटचा तास म्हणून ओब्रायनच्या कागदांतही शोधायचा.

माणसे शोधताना एक लक्षात ठेवा: जहाजाच्या मस्टर रोलमध्ये फक्त जहाजाचे खलाशी असतात. चढलेले मरीन किंवा सैनिक त्यात नाहीत. त्यांची यादी त्यांच्या तुकडीच्या हजेरीपटात. मॅककीन १७ नोव्हेंबर १९४३ रोजी पाणतीर लागून बुडाली तेव्हा दोन्ही प्रकारचे लोक गेले. एकच यादी पाहिली तर मृतांचा आकडा कमी भरतो. खलाशाचा हुद्दाही नीट वाचा. ग्रेगरीवरचे चार्ल्स जॅक्सन फ्रेंच, जखमींनी भरलेला तराफा कमरेला दोर बांधून रात्रभर ओढत पोहणारे, यादीत मेस अटेंडंट म्हणून दिसतात. कृष्णवर्णीयांना तेव्हा बहुतेक याच वाढप्याच्या शाखेत ठेवत. हुद्द्यावरून युद्धातले काम ठरवू नका. फ्रेंच यांना पदक मिळाले ते मरणोत्तर, २०२२ मध्ये.

युद्धानंतर

कोरियात होरेस ए. बास, डायाचेंको, वॉन्टक आणि बेगॉर यांनी किनारी छाप्यांसाठी पुन्हा तेच काम केले. २४ डिसेंबर १९५० रोजी हुंगनाम बंदर स्फोटांनी उडवले जात असतानाच्या प्रसिद्ध छायाचित्रात पुढे दिसणारे जहाज बेगॉर आहे. पुढे अनेक एपीडी मेक्सिको, तैवान, दक्षिण कोरिया, कोलंबिया अशा देशांना गेल्या आणि त्यांची नावे बदलली. अमेरिकी कागद तिथे संपतात. कोलंबियाला गेलेली रुचॅमकिन तिथे कोर्दोबा झाली आणि आज बोगोताजवळच्या तोकान्सिपा इथल्या बागेत, समुद्रापासून कितीतरी दूर, उभी आहे. मॉडेल करणाऱ्यांनी पर्यटकांनी काढलेली तिची छायाचित्रे जरूर धुंडाळावीत, मात्र नंतर झालेले बदल वजा करून.

शेवटची तारीख लिहिताना सेवामुक्ती आणि बुडणे हे दोन रकाने वेगळे ठेवा. बॅरी, एपीडी-२९, हिच्यावर २५ मे १९४५ रोजी कामिकाझे आदळले. दुरुस्तीपलीकडची म्हणून तिला २१ जूनला सेवेतून काढले आणि त्याच दिवशी शत्रूच्या विमानांना भुलवण्यासाठी रिकामीच ओढत नेली. वाटेत पुन्हा हल्ला झाला आणि बॅरी, सोबतच्या एलएसएम-५९ या उतरणनौकेसकट, बुडाली. तारीख एकच, नोंदी दोन, आणि त्या दिवशी होड्यांच्या रकान्यात काहीच नाही.